कीबोर्ड चांगला, वायर चांगली, तरी कॉम्प्युटर ऐकत का नाही? ‘ड्रायव्हर’चं गणित समजून घ्या

दिवाळी तोंडावर आली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी नेहमीचं मासिक अपडेट दिलं. त्यानंतर एक अजब तक्रार पुढे आली. रोजच्या कामात कीबोर्ड आणि माऊस व्यवस्थित चालत होते. पण कॉम्प्युटर बिघडून दुरुस्तीची स्क्रीन, म्हणजे ‘रिकव्हरी’ उघडली, की यूएसबीला जोडलेले दोन्ही गप्प. समोर पर्याय दिसतायत, पण निवडता येत नाहीत.

मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि २० ऑक्टोबरला तातडीचं दुसरं अपडेट दिलं. पण ज्यांचा कॉम्प्युटर आधीच सुरू होत नव्हता, ते हे अपडेट टाकणार कसं?

देऊळघाटला याचं काय?

बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटसारख्या गावात दाखले, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कितीतरी कामं एखाद्या सेवा केंद्रातल्या एक-दोन कॉम्प्युटरवर चालतात. त्याच दिवसांत राज्यभर लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची धावपळ सुरू होती. शहरातल्या ऑफिसात एक कॉम्प्युटर बंद पडला तर शेजारच्या टेबलावर काम होतं. गावात तो बंद पडला की रांगेतल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते.

त्यात १४ ऑक्टोबरलाच विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली. जुनी मशीन असलेल्यांपुढे तीनच रस्ते उरले: नवा कॉम्प्युटर घ्या, मर्यादित काळासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्स घ्या, नाहीतर लिनक्सकडे वळा. मशीन नवीन घ्या किंवा सिस्टीम बदला, पहिला प्रश्न तोच येतो. आपली जोडलेली उपकरणं चालणार का?

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, प्रोसेसर, जोडलेली उपकरणं, सगळ्यांवर त्याचा ताबा असतो. पण प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी. ती कर्नलला समजावणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

तुम्ही ‘क’ दाबता तेव्हा कीबोर्ड ‘क’ पाठवतच नाही. तो फक्त ‘अमुक जागेचं बटण दाबलं’ एवढा क्रमांक पाठवतो. ड्रायव्हर तो क्रमांक ओळखून पुढे देतो. त्या बटणाचा इंग्रजी ‘के’ करायचा की इनस्क्रिप्टमधला ‘क’, हे वरच्या थरातला कीबोर्ड लेआउट ठरवतो. त्यामुळे मराठी अक्षर चुकीचं उमटत असेल तर आधी लेआउट तपासा. बटणच दाबलं जात नसेल तर ड्रायव्हर किंवा वायर.

मग रिकव्हरीत नेमकं काय झालं?

रिकव्हरी ही मुख्य विंडोजपेक्षा वेगळी, छोटी सिस्टीम असते. तिच्याकडे मोजकेच ड्रायव्हर असतात. तिथे यूएसबी कीबोर्डशी बोलणं थांबलं, की मुख्य विंडोजमधल्या चांगल्या ड्रायव्हरचा काही उपयोग नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांना हा प्रकार जुनाच आहे. तिथे कर्नल तयार करताना प्रत्येक ड्रायव्हरबद्दल तीन पर्याय असतात: कर्नलमध्येच बसवा, गरजेपुरता जोडता येईल असा वेगळा ठेवा, किंवा वगळा. डिस्कला पासवर्ड लावलेला असेल आणि कीबोर्डचा ड्रायव्हर त्याच कुलूपबंद डिस्कवर राहिला, तर पासवर्ड टाइपच करता येत नाही. किल्ली आत आणि दार बंद!

गंमत म्हणजे, ऑक्टोबरच्या घोळात जुने गोल पिनचे पीएस/२ कीबोर्ड चालत होते. आयबीएमने १९८७ साली आणलेलं हे पोर्ट यूएसबीच्या वाटेने जातच नाही. भंगारात काढलेला कीबोर्ड अनेकांना अचानक आठवला असेल.

वजनकाटा आणि स्वस्त केबल

बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांना आजही जुनं सिरीयल पोर्ट असतं. नव्या लॅपटॉपला ते नसतं, म्हणून यूएसबी-ते-सिरीयल केबल लागते. या केबलमध्ये एक चिप असते आणि तिलाही ड्रायव्हर हवा.

इथे धोका नकली चिपचा. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला. त्याने नकली चिपचा ओळख क्रमांक थेट शून्य केला आणि कित्येक केबल एका फटक्यात निकामी झाल्या. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण नकली माल वापरतोय, हे अनेक ग्राहकांना ठाऊकच नव्हतं. दुकानदाराने दिली ती केबल त्यांनी घेतली होती. कंपन्यांच्या भांडणात भुर्दंड त्यांना बसला.

एका चुकीला एवढी किंमत का?

कारण अनेक ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये चालतात. साधं ॲप कोलमडलं तर ते एकटं बंद होतं. कर्नलमधला ड्रायव्हर कोलमडला तर सगळा कॉम्प्युटर बसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने तेच केलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

तुम्ही काय करू शकता?

- कॉम्प्युटर चालू आहे तोवरच रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवून ठेवा.
- उपकरण चालत नसेल तर आधी दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. मग विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण आहे का, ते बघा.
- ड्रायव्हर फक्त उपकरणाच्या कंपनीकडून किंवा विंडोज अपडेटमधून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ सांगणाऱ्या साइट टाळा.
- लिनक्सवर जाण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. कीबोर्डसोबत प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं मशीन आणि सिरीयल केबलही तपासा. ठशांच्या मशीनला ड्रायव्हरसोबत आधारचं वेगळं सॉफ्टवेअरही लागतं.

आणि केंद्र चालवत असाल तर अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी अपडेट टाकू नका. बाहेर रांग लागलेली असताना चुकलेलं अपडेट निस्तरायला वेळ मिळत नाही.