पाने वाढली, आता पुरावाही वाचू द्या

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, आठवीच्या सामाजिक शास्त्रांच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आले. राजधानीतील मराठी माणसाला याचे समाधान वाटले असेल तर त्यात नवल नाही. त्याने स्वतः महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात वर्षभर शिवचरित्र अभ्यासलेले असते. केंद्रीय विद्यालयात शिकणाऱ्या त्याच्या मुलांना मात्र हाच इतिहास सातवीच्या जुन्या पुस्तकात, अठराव्या शतकातील अनेक सत्तांपैकी एक म्हणून, ओझरता भेटत असे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुस्तकाने ही उणीव भरून काढली.

परंतु हे समाधान फार काळ निर्वेध राहिले नाही. त्याच प्रकरणातील १७५९ च्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेरचाही समावेश होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील माजी राजघराण्याच्या वंशजांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला आणि पुस्तकावरील आक्षेपांची तपासणी करण्यासाठी परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. समाजमाध्यमांवर मराठी आणि राजस्थानी अभिमानाची जी जुगलबंदी रंगली, तिच्यात नेहमीप्रमाणे मूळ प्रश्न बाजूला पडला. तेरा वर्षांच्या मुलाने त्या नकाशाकडे पाहून नेमके काय शिकायचे, हा तो प्रश्न.

हा वाद एका रेषेपुरता नाही, हे अभ्यासक्रमाची नवी मांडणी पाहिली म्हणजे ध्यानात येते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि त्यावर आधारलेला २०२३ चा अभ्यासक्रम आराखडा यांनुसार सहावीची नवी पुस्तके २०२४ मध्ये, तर सातवी आणि आठवीची २०२५ मध्ये आली. पूर्वी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची तीन वेगळी पुस्तके असत. आता सामाजिक शास्त्रांचे एकच पुस्तक आहे. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ आठवीकडे आला आहे. या पुस्तकाच्या पहिल्या भागात इतिहासाची प्रकरणे तीन: भारताचा बदलता राजकीय नकाशा, मराठ्यांचा उदय आणि वसाहतकाल. उरलेली प्रकरणे नैसर्गिक संसाधने, निवडणुका, संसद आणि उत्पादनाचे घटक यांची. सहा शतकांहून अधिक काळ तीन प्रकरणांत बसवायचा, तर प्रत्येक वाक्याला आणि प्रत्येक नकाशाला अधिक वजन येणारच. विस्तृत पुस्तकातील एखादी चूक पुढच्या पानावर सावरता येते. संक्षिप्त पुस्तकात तीच मुलाच्या मनात कायमची बसते.

नकाशाचा रंग ही मुळात आधुनिक राज्यव्यवस्थेची भाषा आहे. अठराव्या शतकातील सत्ता त्या भाषेत मावत नाही, आणि याचा पुरावा खुद्द मराठ्यांच्याच दप्तरात आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ याच दिल्लीत आले आणि येथून सनदा घेऊन परतले. त्या सनदा वेगवेगळ्या होत्या. एक स्वराज्याची, म्हणजे शिवछत्रपतींच्या मुलखाची. दुसरी दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाईची. तिसरी त्याच सुभ्यांतील सरदेशमुखीची. मोबदल्यात बादशहाच्या चाकरीसाठी फौज देण्याचे कबूल केले होते. स्वतःचे राज्य कोणते आणि महसुलाचा हक्क कोठे, हा भेद त्या मुत्सद्द्यांना इतका स्पष्ट होता. मग आपल्या नकाशात तो का पुसला जावा? १७८४ नंतरच्या दिल्लीचेच पाहा. नाणे शाह आलमच्या नावाचे, फौज महादजी शिंद्यांची. १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव करीपर्यंत बहुतेक काळ हीच स्थिती होती. त्या दिल्लीला नकाशात कोणता रंग द्यावा? या प्रश्नावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली, तर ती दहा नकाशे पाठ करण्यापेक्षा अधिक शिकवून जाईल.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांमागून फिरणाऱ्या कुटुंबांची मुले ज्या बाकांवर बसतात, त्याच बाकांवर बंगालची आणि ओडिशाचीही मुले बसतात. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. अखेरच्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आले आणि बंगालने सालीना बारा लाखांची चौथाई मान्य केली. 'बारगीर' या आपल्या साध्या लष्करी शब्दाचा तेथे 'बर्गी' झाला आणि तो मुलांना झोपवण्याच्या गाण्यात भीतीचा शब्द म्हणून उरला. अटकेपारच्या झेंड्याचा धडा आनंदाने वाचणाऱ्या मराठी मुलाला ही दुसरी बाजूही माहीत असायला हवी. ती त्याला शेजारच्या बाकावरून टोमण्यात कळण्यापेक्षा पुस्तकातून आणि शिक्षकांकडून कळलेली बरी.

इतिहासातील काळ्या कालखंडांविषयी या पुस्तकात एक टीप आहे. भूतकाळातील घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये, असे ती बजावते. तत्त्व योग्यच आहे. मात्र ते बाबर आणि औरंगजेबापुरते राहून चालणार नाही. आपल्या अभिमानाच्या प्रकरणालाही तीच कसोटी लागली पाहिजे.

तशी ती लावण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. शेजवलकरांनी पानिपतची चिकित्सा करताना स्वकीयांचा मुलाहिजा ठेवला नाही. रियासतकार सरदेसाई आणि बंगालचे जदुनाथ सरकार यांची मते अनेकदा जुळली नाहीत, तरीही त्यांचा स्नेह आणि सहकार्य दीर्घकाळ टिकले. मराठ्यांच्या इतिहासाचा राष्ट्रीय पातळीवर जो दबदबा निर्माण झाला, तो या कागदनिष्ठेमुळे. एखाद्या पुस्तकातील पानांच्या संख्येमुळे नव्हे.

परिषदेने करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्यक्ष अंमल, चौथाईचा मुलूख आणि प्रासंगिक खंडणी यांसाठी नकाशात वेगवेगळ्या छटा द्याव्यात. रेषा कोणत्या पुराव्यावर आखली, हे तिच्याशेजारीच एका ओळीत सांगावे. सनदेचा एखादा उतारा मुलांसमोर ठेवून त्यावर प्रश्न विचारावेत. शिवाय एप्रिलमध्ये सत्र सुरू होते आणि पुस्तक जुलैमध्ये हाती पडते, असा प्रकार पुन्हा होऊ देऊ नये. पुस्तक समजून घ्यायला शिक्षकालाच वेळ मिळाला नाही, तर तो नकाशा भिंतीवर टांगून पुढे जाणार.

पालकांचे कर्तव्यही आहेच. आपल्या इतिहासाला किती पाने मिळाली, याची मोजदाद आता पुरे झाली. नकाशावरील आक्षेप राजस्थानातून यावा लागला. सनदांमधील भेद सर्वाधिक जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांनी आणि वाचकांनीच तो आधी घेतला असता, तर मराठ्यांच्या इतिहासाचा मान अधिक वाढला असता. पुढील दुरुस्ती सुचवताना तरी आपण मागे राहू नये.