मैलापूरची भजी आणि मनाची भूक

संध्याकाळी सहानंतर मैलापुरात कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडा स्ट्रीटवर पोट भरलेला माणूससुद्धा उपाशी होतो. कच्च्या केळ्याची भजी कढईतून निघत असतात, पलीकडे फिल्टर कॉफीचा वास. जवळच ‘जन्नल कडै’ नावाचं दुकान आहे. जन्नल म्हणजे खिडकी, कडै म्हणजे दुकान, आणि खरोखरच एका खिडकीतून तिथे खाणं मिळतं. वास आला, खाल्लं, मजा आली. यात बिघडलं काहीच नाही, आणि कुणी बिघडलंय म्हणत असेल तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

पण हीच भजी पार्सल घेऊन, खोलीचं दार लावून, मोबाईल बघत, चव न कळता संपवली जातात तेव्हा? आणि शेवटचा घास गेल्यावर पोट जड आणि मन आणखी जड होतं तेव्हा? याला भावनिक खाणं म्हणतात. मराठीत आपण म्हणतोच की, ‘काहीतरी मनाला खातंय.’ मनाला काहीतरी खात असतं आणि आपण चिवडा खात बसतो.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला काहीही चालतं. मनाची भूक एकदम येते आणि तिला तेच हवं असतं: चॉकलेट, वेफर्स, त्याच दुकानातली बिर्याणी. चेन्नईत राहून मला सापडलेली सोपी परीक्षा अशी, की स्वतःला विचारायचं, ‘आत्ता साधा दहीभात चालेल का?’ चालेल असं उत्तर आलं तर खुशाल जेवा. ‘नको, फक्त तेच हवंय’ आलं, तर भूक बहुधा पोटाची नाही.

असं होतं त्याला शरीराचंही कारण आहे. अचानक धक्का बसला की भूक मरते, पण ताण आठवडेच्या आठवडे राहिला तर कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलेलं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. कॅलिफोर्नियातल्या मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे मांडलं, प्रामुख्याने उंदरांवरच्या प्रयोगांवरून. तेव्हा ‘तुला काही कंट्रोलच नाही’ हे वाक्य घरात कुणी कुणाला ऐकवू नये.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र २०१४ चा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेसी मान यांच्या गटाने लोकांना आधी विचारलं, मन खट्टू असताना काय खाल्लं की बरं वाटतं? मग त्यांना उदास करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. नंतर कधी त्यांचा तो आवडता पदार्थ दिला, कधी दुसरं काही दिलं, तर कधी काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचंच मन सावरलं, आणि जवळपास सारखंच! म्हणजे मन आपलं आपण सावरत असतं, श्रेय मात्र चॉकलेट घेऊन जातं. (या संशोधनाला पैसा नासाचा होता. अंतराळवीरांच्या खाण्याची त्यांना काळजी.) अर्थात चित्रफितीचं दुःख छोटं असतं, खऱ्या आयुष्यातलं नाही. तरी तेवढा थोडा वेळ काढण्यापुरता हा प्रयोग फार कामाचा आहे. गच्चीवर जा, अंघोळ करा, कुणाला तरी फोन लावा. माडा स्ट्रीटवर फेरी मारा म्हटलं असतं, पण तिथे भजी आहेत.

माझी रूममेट लातूरची. रोज रात्री जेवण झालं की तासाभरात तिचा मुरुक्कूचा डबा उघडायचा. मुरुक्कू म्हणजे आपल्या चकलीचा चुलतभाऊ. आधी तिने ‘सोमवारपासून तळलेलं बंद’ करून पाहिलं, आणि ते गुरुवारी दुप्पट वेगाने सुटलं. एकादशी, दुप्पट खाशी! मग तिने दोन आठवडे मोबाईलमध्ये फक्त एवढंच लिहिलं: किती वाजता खाल्लं, आणि त्याआधी काय झालं. वजन नाही, कॅलरी नाही. जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या आधी एकच गोष्ट होती. साडेनऊचा बाबांचा फोन आणि त्यातला प्रश्न, ‘कायम झालीस का गं?’ कंपनी तिचं कंत्राट वाढवणार नव्हती आणि हे तिने घरी सांगितलंच नव्हतं. शेवटी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘भाड्याचं काय करतेस?’ मुरुक्कू ती अजूनही आणते. आता तो चहाबरोबर असतो, ताटलीत.

घरात लहान मूल असेल तर एक विनंती. ते पडलं, रडलं की लगेच बिस्कीट हातात देऊ नका. आधी जवळ घ्या, ‘लागलं का खूप?’ म्हणा. भूक लागल्यावर बिस्कीट आहेच.

आणि आठवड्यातून एकदा तरी, सलग तीनेक महिने, खाणं हाताबाहेर जात असेल, लपून खावं लागत असेल, किंवा नंतर मुद्दाम उलटी केली जात असेल, तर हा सवयीचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.