डॉक्टरकीचा फॉर्म भरण्याआधी



फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपली धांदल. तोडणीची टोळी शेतात, गाडी काट्यावर, अन् त्याच दिवसांत घरात बारावीच्या पोरापोरींच्या 'नीट'च्या फॉर्मची गडबड. आपला ऊस कधी तुटणार याची चौकशी आपण दहा वेळा करतो; पण हा फॉर्म भरायचा की नाही, याचा विचार एकदाही करीत नाही. शेजाऱ्याच्या पोराने भरला, मग आपलाच काऊन मागे राहावा, एवढाच हिशेब.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. थोरला पोरगा हुशार. बारावी झाली, नंबर लागला नाही. नागपुरात खोली करून दिली, क्लास लावला. दुसऱ्या वर्षी थोडक्यात हुकला. मीच म्हटले, आणखी एकदा बस. तिसऱ्या वर्षी मार्क वाढायच्या ऐवजी कमी झाले, आणि पोरगा घरात कोणाशी बोलेनासा झाला. पुढे त्याने बी.एस्सी. केली, आज तो मार्गी लागला आहे. पण ती दोन वर्षे त्याची नव्हती, माझ्या हट्टाची होती, हे मला आता कळते. यंदा धाकटी बारावीला आहे, आणि तोच फॉर्म पुन्हा घरात आला आहे.

आधी हे शिक्षण काय आहे ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे पदवी आणि डॉक्टरकी वेगवेगळी नाही. बारावी झाली की सतराव्या-अठराव्या वर्षी थेट एम.बी.बी.एस. साडेचार वर्षे अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप, अशी साडेपाच वर्षे. सरकारी कॉलेजातून शिकला तर वर्षभर सेवेचा बाँड. पुढे एम.डी., एम.एस. करायचे तर आणखी परीक्षा आणि आणखी तीन वर्षे. अमेरिकेत तसे नाही. तिथे साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षे वैद्यकीय. मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात १९७१ पासून दोन्ही मिळून सहा वर्षांत देतात, पण असे जोड अभ्यासक्रम तिथे थोडे. तिथल्या बहुतेक पोरांना पदवी हाती घेऊन विचार बदलता येतो. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी पोर म्हणाले की हे माझ्याने होत नाही, तर हातात बारावीची मार्कशीट तेवढी उरते. शिवाय नियम असा की पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न, आणि अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत पुरा झाला पाहिजे. म्हणून आत शिरण्याआधीच विचार करायचा.

जागांची गोष्ट घ्या. नागपुरात मेडिकल १९४७ चे, मेयोचे कॉलेज १९६८ चे, एम्स २०१८ चे. शेजारी सेवाग्रामला १९६९ पासून कॉलेज आहे. तिथे नव्या पोरांना आधी पंधरा दिवस आश्रमात राहून सूत कातावे लागते. आपल्या हिंगणा रोडवर डिगडोहला १९९० पासून खासगी कॉलेज आहे, वानाडोंगरीलाही झाले. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली आणि १९८४ मध्ये लोणी व कऱ्हाडला मेडिकल कॉलेजे निघाली. त्यांच्या मागे साखर कारखानदारीतलीच मंडळी होती. म्हणजे हे दार उघडण्यात उसाचा हात आहे. पण खासगी कॉलेजची फी सरकारीच्या कितीतरी पट, आणि मॅनेजमेंटच्या जागेची तर विचारूच नका.

थोरल्याच्या वेळी एकजण घरी आला होता. "भाऊ, सीट पक्की समजा, दोन एकर मोकळे करा." मी सातबारा काढायलाही निघालो होतो. त्याच्या आईने अडवले. ती म्हणाली, पोरगा डॉक्टर होईल की नाही माहीत नाही, पण बाप मजूर होईल हे नक्की. ती बोलली ते बरोबरच होते.

आता माझे मत. फॉर्म जरूर भरा. आपल्या गावांना डॉक्टर पाहिजेत, आणि उसाच्या शेतातले पोर डॉक्टर झाले तर ते आपले दुखणे लवकर ओळखेल. पण भरण्याआधी पोराला एकटे बसवून विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ऐकायची तयारी ठेवा. रिपीट एकच. आपण खोडवा राखतोच ना? पहिला खोडवा परवडतो; पुढे पुढे वजन घटत जाते आणि रानही अडकून पडते. पोराचे वर्षही असेच अडकते. तिसरे, 'नीट'च्या जोडीला सी.ई.टी.चा फॉर्मही भरा. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे, पशुवैद्यकीय १९५८ पासूनचे, त्याचा प्रवेश मात्र 'नीट'वरच. जनावरांचा डॉक्टरही डॉक्टरच असतो. आपली गाय अडली म्हणजे त्याची किंमत कळते. आणि शेवटचे, सीटसाठी जमीन गहाण टाकू नका. शैक्षणिक कर्ज काढायचे तर बँकेत स्वतः बसून हप्ता किती पडेल ते समजून घ्या, मगच सही करा.

धाकटीला मी विचारले. ती म्हणाली, "बाबा, मला व्हायचं आहे म्हणून भरते. दादाचं राहिलं म्हणून नाही. आणि नाही लागला नंबर, तर एकच वर्ष देईन." सी.ई.टी.चा फॉर्म तिने मला न विचारताच भरून ठेवला होता. मी म्हटले, भर.

कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण भावासाठी तास-तास बोलतो. यंदा घरी जाऊन पोराशी अर्धा तास बोला, एवढीच विनंती.

जय सहकार!

– हिंगणा गटातील एक ऊस उत्पादक सभासद