सायकलवरचा पाहुणा आणि खिद्रापूरची वाट

पन्हाळ्याचे नाव जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता कुणी 'बघण्यासारखं काय हाय?' असं विचारलं की आपलं पहिलं बोट पन्हाळ्याकडेच. गड मोठाच, त्यात वाद नाही. पण लांब पल्ल्याच्या सायकलीला सोयीची वाट पूर्वेची. रुकडी, माणगाव, इचलकरंजी, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर. घाट नाही, चढ नाही. एका बाजूने साठेक किलोमीटर.

वाटेवर माणगावात मार्च १९२० ची परिषद झाली; अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः हजर. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. शेवटी खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ, शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकाचे. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर मधोमध उघडे आभाळ. देवासमोर नंदी मात्र नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असे लोक सांगतात.

मोटारवाला इथे उतरतो, फोटो काढतो आणि जेवायला कोल्हापूर गाठतो. गावाला मिळते ती धूळ. सायकलवाल्याचे तसे नाही. त्याला वाटेत चहा लागतो, रस लागतो, पंक्चर काढणारा लागतो. देऊळ नीट बघून हिवाळ्याच्या दिवसात उजेडी परत जाणे अवघडच, म्हणजे मुक्काम आला. बचत गटाच्या बायकांनी भाकरी, पिठलं, खर्डा दिला तर तो हॉटेल शोधत फिरणार नाही. पैसा गावातच राहील.

देऊळ पुरातत्त्व खात्याकडे, आपण काय करणार, असे म्हणून सुटता येणार नाही. देवळाबाहेर पिण्याचे पाणी, स्वच्छ संडास, फाट्यावर अंतराची पाटी, रात्रीपुरती समाजमंदिराची खोली आणि तिचे ठरलेले भाडे, हे तरी गावाच्या हातात आहे ना? सरपंच आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे!) वाटेवरच्या प्रत्येक गावात २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. पर्यटन खात्याची वाट बघत बसलो तर नातवंडं म्हातारी होतील.

खरी काळजी वेगळीच आहे. सायकलचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. अंधार पडला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कुठे बंद पडलेली ट्रॉली भर रस्त्यात, मागे चार दगड. पाहुणा एक दिवस येईल नि जाईल. त्या ट्रॉलीवर रोज आदळू शकतो तो डेअरीला दूध घालून परतणारा आपलाच माणूस. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर घ्यायचीच नाही, एवढे कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांनी याच हंगामापासून ठरवावे. आणि वाहनमालकांनी तोवर निदान मागे लाल पट्टी चिकटवावी.