ज्योत तीच की दुसरी?



शिरगावच्या किनाऱ्यावरचा किल्ला पोर्तुगीज अमदानीतला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. धनी बदलले, तरी आपण त्याला तोच किल्ला म्हणतो. माणसाचेही तसेच. पाळण्यातले मूल आणि काठी टेकत चालणारे आजोबा यांच्यात ना शरीर जुळते, ना आवडीनिवडी. तरी दोघे 'तोच'. हा 'तोच'पणा कशात असतो, हा यंदाच्या दिवाळी अंकाचा प्रश्न. आमचे उत्तर असे, की 'मी' हा आत पुरून ठेवलेला ठेवा नाही. तो चालत राहतो, म्हणून तो सांभाळावा लागतो.

पहिला दाखला मराठीचाच घ्या. 'मी चालतो', 'मी लिहितो' असे आपण म्हणतो. पण भूक 'मला' लागते, राग 'मला' येतो, आठवण 'मला' होते. जाणिवेची कितीतरी कामे आपली भाषा 'मी'कडे कर्तेपण देऊन सांगतच नाही. व्याकरणावरून तत्त्वज्ञान ठरत नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण अनुभवही हीच साक्ष देतो. झोप ठरवून आणता येत नाही आणि नको असलेली आठवण हाकलून जात नाही. आत बसून सगळा कारभार हाकणारा मालक शोधावा, तर सापडतो तो येत-जात राहणारा प्रवाह.

मग मोठी हरकत येते: मालकच नसेल, तर कालचे कर्ज आज कोणी फेडायचे?  यावर बौद्ध परंपरेतल्या 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो, की रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नव्हे, आणि निराळीही नव्हे. एकीतून दुसरी पेटत गेलेली. त्याचा पुढचा दृष्टान्त त्याहून नेमका आहे. जेवताना लावलेल्या दिव्याने छपराचे गवत पेटले आणि गाव जळाले. दिवा लावणारा म्हणाला, माझ्या जेवणाची ज्योत वेगळी, गाव जाळणारी वेगळी. त्याची सुटका होत नाही. जबाबदारीला न बदलणारा आत्मा लागत नाही, न तुटलेली साखळी पुरते.

पण हा प्रवाह पाहणारा साक्षी कोण, असे अद्वैती विचारतील. मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज 'मी आहे' या नुसत्या जाणिवेला धरून राहायला सांगत. त्या साक्षीबद्दल वाद राहो. पण नाव, हुद्दा, जात आणि मानापमान म्हणजे आपण नव्हे, यावर बौद्ध आणि अद्वैत या दोन्ही वाटा एकत्र येतात.

म्हणून या दिवाळीत एवढेच मागणे: वर्षापूर्वी दिलेला एखादा शब्द आठवा आणि पाळा. तेव्हाचे तुम्ही आणि आजचे तुम्ही यांना जोडणारी साखळी म्हणजे तो पाळलेला शब्दच.