फुप्फुसाचा कर्करोग : प्रथिनांच्या खुणांची कसोटी भारतीय रुग्णांवर व्हावी

बेंगळुरूच्या चामराजपेट भागाला लागून असलेल्या व्हिक्टोरिया रुग्णालयात १९०० सालापासून गोरगरीब रुग्ण येत आहेत. तेथून काही किलोमीटरवर, होसूर रस्त्यावर, १९७३ मध्ये स्थापन झालेली किडवाई कर्करोग संस्था आहे. दीर्घकाळ खोकणारा रुग्ण सामान्य रुग्णालयातून कर्करोगतज्ज्ञापर्यंत किती लवकर पोहोचतो, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. आपल्या देशात फुप्फुसाचा कर्करोग बहुतांशी पुढच्या टप्प्यातच आढळतो. हा विलंब प्रथिनांच्या चाचणीने टळेल काय, हा आजचा प्रश्न आहे.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. धुराने सतत दुखावलेल्या श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी प्रथम आपले रूप बदलतात, मग त्यांची रचना बिघडते आणि अखेरीस त्या आजूबाजूच्या ऊतींत शिरतात. या प्रवासात पी-५३ या नियंत्रक प्रथिनात बिघाड होतो, तर पेशीविभाजन दर्शवणारे केआय-६७ वाढते. तथापि, कर्करोगपूर्व अवस्थेतील प्रत्येक ऊतीचे रूपांतर कर्करोगात होत नाही. काही ऊती आपोआप पूर्ववत होतात. म्हणूनच केवळ बिघाड दाखवणारी खूण पुरेशी नाही. कोणता बिघाड पुढे जाईल, हे तिने सांगितले पाहिजे.

रक्तचाचणीच्या दिशेने २०१८ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल पडले. अमेरिका व युरोपातील संशोधकांनी चार प्रथिनांचा संच तपासला. धूम्रपानाच्या माहितीला या संचाची जोड दिल्यावर, वर्षभरात कर्करोग झालेल्यांपैकी ६३ टक्के व्यक्ती आधीच ओळखता आल्या. अमेरिकेतील तेव्हा प्रचलित असलेल्या निकषांनी हेच प्रमाण ४२ टक्के होते. मात्र तपासलेल्या व्यक्तींची संख्या लहान होती.

हे निष्कर्ष भारतात जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. या संचातील सीए-१२५ हे प्रथिन क्षयरोगातही वाढते. क्ष-किरण चित्रात क्षयाचे व्रण आणि कर्करोगाची गाठ यांत गल्लत होते, ती वेगळीच. शिवाय चुलीच्या धुरामुळे धूम्रपान न करणाऱ्या महिलांनाही धोका असतो. धूम्रपानावर आधारलेल्या निकषांत त्या बसत नाहीत.

कमी मात्रेच्या सीटी तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील चाचणीने २०११ मध्ये दाखवले. परंतु संशयास्पद ठरलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्क्यांत अखेर कर्करोग निघाला नाही. विश्वासार्ह प्रथिनचाचणीचा खरा उपयोग येथे आहे : कोणाची सीटी तपासणी करावी व कोणाला सुई खुपसण्याच्या त्रासातून वाचवावे, हे ठरवण्यासाठी.

भारताच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, फुप्फुसाच्या नाही. १९८१ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात बेंगळुरू, मुंबई व चेन्नई ही शहरे आरंभापासून आहेत. या नोंदींची सांगड क्षय केंद्रांतील रुग्णांशी घालून, रक्तनमुने जपून ठेवून त्यांचा काही वर्षे पाठपुरावा केल्यास प्रथिनांच्या खुणांची भारतीय कसोटी शक्य आहे. ती होईपर्यंत महागड्या चाचण्यांच्या जाहिरातींपेक्षा दोन जुने उपाय अधिक मोलाचे ठरतील : तंबाखू सोडवणे आणि क्षयाच्या औषधांनी न थांबणाऱ्या खोकल्याची वेळीच फेरतपासणी करणे.