लिलावातली जीप घेताना

आमच्या वस्त्यांतली पुष्कळ मुले गॅरेजात राबतात. लष्कराने मोडीत काढलेली, जबलपूरला बनलेली जोंगा लिलावात घेऊन घरीच उभी करावी, अशी त्यांची हौस असते. हात कसबी आहेत, पण आम्ही सांगतो, आधी कागद तपासा. नोंदणी होणार नसेल तर घामाचा पैसा भंगारात जाईल. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही. 1989 च्या नियमांनी लष्करी हिरवा रंगही खासगी गाडीला वर्ज्य आहे. रंगाआधी ब्रेकच्या नळ्या पाहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, घोड्या लावा. जीप दुसरी मिळेल. घरचा कमावता माणूस मिळणार नाही.